नाकावाटे मेंदूच्या उंबरठ्यावर

फराळाच्या ताटावर आजाराच्या गोष्टी काढू नयेत, अशी आमच्या घरातून सक्त ताकीद आहे. तरीही एका वाटाण्याएवढ्या ग्रंथीची हकिकत सांगतोच.

तिचे नाव पीयूषिका. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागे, हाडाच्या खोबणीत बसून ती कर्त्या बाईसारखा इतर ग्रंथींचा कारभार पाहते. तिच्यावर गाठ आली (ती बहुधा कर्करोगाची नसते) तर कुणाची अंगठी घट्ट होते, चपलेचा नंबर वाढतो. कुणाला समोरचे स्वच्छ दिसते, पण कडेने येणारी सायकल दिसत नाही. कारण ग्रंथीच्या वरच दृष्टीच्या नसा एकमेकींना छेदतात आणि गाठ त्यांना खालून दाबते. घरचे म्हणतात, "चष्मा बदला." इथेच वेळ जातो!

१९०७ साली इन्सब्रुकच्या हर्मान श्लोफर यांनी नाक बाजूला वळवून अशी गाठ प्रथम काढली. आज सुमारे ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकपुडीतून जाते, आतले पातळ हाड उघडून गाठ काढतात. चेहऱ्यावर व्रण नाही. मात्र पुढे नाकातून पाणी गळू लागले, तर ते मेंदूभोवतालचे असू शकते; डॉक्टरांना ताबडतोब कळवावे. प्रोलॅक्टिन वाढवणाऱ्या गाठी तर बहुधा गोळ्यांनीच आटोक्यात येतात.

तेव्हा वाचकहो, चष्मा बदलूनही कडेचे दिसेना, तर नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिक्षेत्र तपासून घ्या. दाबलेली नस वेळेवर मोकळी झाली, तर नजर पुष्कळदा परतते. फार उशीर झाला, तर परतेलच असे नाही.