बोरांवाचून बोरनहाण

गेल्या संक्रांतीला धाकट्याचं पाचवं, म्हणजे शेवटचं बोरनहाण. चुरमुरे, उसाचे करवे, पुण्याहून आलेले हलव्याचे दागिने, सगळं होतं. जहरामध्ये बोरं तेवढी मिळेनात. "बोरांवाचून कसलं गं बोरनहाण?" सासूबाई फोनवर हिरमुसल्या. शुक्रवारी सकाळी शेजारच्या कुवेती बाईंनी अंगणातल्या सिद्राची ओंजळभर फळं पाठवली. इथे त्यांना कुनार म्हणतात. आपल्या बोराचा सख्खा चुलतभाऊ! जरा हिरवी होती, पण चाललं.

हळदीकुंकवाला माझी इंग्लंडची सहशिक्षिकाही आली होती. ती सांगत होती, सॉमरसेटमधल्या कारहॅम्प्टनला १७ जानेवारीला सफरचंदाच्या झाडाला सायडरमध्ये भिजवलेला पाव लावतात, गाणी म्हणत झाडाला जागं करतात. १७५२ मध्ये इंग्लंडच्या कॅलेंडरातून ११ दिवस गळाले, तरी हे गाव जुन्याच तारखेला धरून राहिलं. आपली संक्रांतही डिसेंबरातल्या खऱ्या उत्तरायणापासून सरकत इथवर आलीच की!

चुरमुरे ओतताच पोरांची झुंबड उडाली. काळ्या कुडत्यातला धाकटा मात्र दोन बोरं मुठीत घट्ट धरून बसला. फोनवरच्या आजीला दाखवायची होती म्हणे.