वाऱ्याचे भाकीत आणि माणसाची दिरंगाई

हिवाळा आला की मुंबईच्या क्षितिजावर करडा पडदा उतरतो आणि ‘हवा बिघडली’ असे वृत्त झळकते. आम्हीही ते छापतो. आज मात्र आम्हांस निराळाच प्रश्न विचारावयाचा आहे. जी हवा बिघडणार हे दोन-तीन दिवस अगोदर कळू शकते, ती बिघडून गेल्यावरच नगरीने जागे का व्हावे?

अगोदर कळते, यात अतिशयोक्ती नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘सफर’ ही व्यवस्था २०१० साली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दिल्लीत उभारली; २०१३ साली ती पुण्यात व २०१५ साली मुंबईत आली. तिचे मर्म दुर्बोध नाही. शहराच्या नकाशावर लहान लहान चौकोन पाडावयाचे. प्रत्येक चौकोनातील वाहने, कारखाने, भट्ट्या, बांधकामे व पेटविलेला कचरा यांतून किती धूर व धूळ निघते, याचा हिशेब मांडावयाचा. आणि वारा, तापमान व आर्द्रता यांची गणिते घालून संगणकास विचारावयाचे की, हा धूर उद्या कोणाच्या दारी जाणार?

मुंबईस निसर्गाने मोठी देणगी दिली आहे. समुद्रावरून येणारे व समुद्राकडे परतणारे वारे ही नगरी झाडून काढतात. हिवाळ्यात ते मंदावतात. जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली, झाकण घातल्याप्रमाणे, कोंडली जाते. धूर तितकाच असूनही श्वासात अधिक येतो. तेव्हा वाऱ्यास दोष देणे व्यर्थ होय. इतर ऋतूंत तो आमचा दोष केवळ लपवीत असतो.

परंतु संगणक हा आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखा आहे. उदाहरणातील आकडे चुकीचे दिले, तर तो रीत अचूक वापरून चुकीचेच उत्तर काढील. मुंबईत प्रतिवर्षी नवे मनोरे उठतात, रस्ते खणले जातात, राडारोड्याचे ढीग जागा बदलतात. धुराची नोंदवही जुनी राहिली, तर भाकीतही जुन्या शहराचे होईल.

तथापि, भाकीत अचूक असूनही भागत नाही. दिल्लीत २०१८ साली पूर्वसूचनेची व्यवस्था सुरू झाली आणि २०२२ साली प्रदूषण-नियंत्रणाचा आराखडा सुधारून, अंदाजाच्या आधारे तीन दिवस अगोदर निर्बंध लावण्याची तरतूद झाली. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये कडक निर्बंधांस विलंब का झाला, याचा जाब सर्वोच्च न्यायालयास विचारावा लागला. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर मुंबई महापालिकेने भायखळा व बोरिवली पूर्व येथील बांधकामे थांबविली. कारवाई योग्यच होती; परंतु ती झाली, ती हवेचा निर्देशांक दोनशेपलीकडे गेल्यानंतर. तोवर ती हवा रहिवाशांच्या फुप्फुसांत उतरून गेली होती.

अंदाज कधी चुकेल आणि मजुरांची रोजी विनाकारण बुडेल, असा आक्षेप घेतला जातो. तो क्षुल्लक नाही. परंतु बांधकाम-कामगारांच्या कल्याणासाठी उपकर गोळा होतच असतो. थांबलेल्या दिवसांची मजुरी त्यातून देता येईल. गेलेला श्वास मात्र कोणत्याही निधीतून भरून देता येत नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. धुराची नोंदवही दरवर्षी नव्याने लिहून नागरिकांपुढे ठेवावी. भाकिताने ठरलेली मर्यादा ओलांडली की, कोणाच्या स्वाक्षरीची वाट न पाहता, धूळ उडविणारी कामे थांबावीत आणि शाळांतील सकाळची मैदानी कवायत पुढे ढकलली जावी. वादळाची सूचना मिळताच कोळी बांधव होड्या किनाऱ्यास लावतात. वादळ येऊन गेल्यावर ते सभा भरवीत नाहीत. त्यांच्याच या नगरीच्या कारभाऱ्यांनी एवढे तरी त्यांच्याकडून शिकावे.