गोळ्या सहा महिने, आराम किती?



हंगाम तोंडावर आला, की ज्याच्या त्याच्या तोंडी तोड, टनेज आणि भाव. ते साहजिकच आहे. पण कयाधू-पूर्णेच्या काठच्या आपल्या गावांत टीबीच्या गोळ्या चालू असलेलीही माणसं आहेत. उसाची तोड झाली, की पाठोपाठ हळदीची काढणी येते. या धामधुमीत गोळ्या सुटण्याचं भय फार. म्हणून हे चार शब्द.

गोळ्या सुटतात त्या दोन कारणांनी. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन भरतं. माणसाला वाटतं, झालं बरं. पण जंतू आत शिल्लक असतात. मध्येच गोळ्या सोडल्या, तर ते निर्ढावतात आणि पुढं साध्या औषधाला दाद देत नाहीत. दुसरं कारण, "गोळ्या उष्ण पडतात." हा त्रास खोटा नाही. पण कोणता त्रास सोसायचा आणि कोणत्या त्रासाला त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे घरात ठाऊक पाहिजे.

लघवी नारंगी-लाल होते. ते रिफाम्पिसिनचा रंग उतरल्यामुळं. त्यात भिण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर गोळी कधी आणि कशासोबत घ्यायची ते आरोग्य कर्मचाऱ्याला विचारावं. सांधे दुखतात, त्यावर औषध मिळतं. हातापायाला मुंग्या येतात, त्यावर ब-६ जीवनसत्त्वाची गोळी आहे. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा आणि पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा जोर रिफाम्पिसिननं कमी होतो, म्हणून आधीची सगळी औषधं डॉक्टरांना दाखवावीत. मात्र डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, नजर अंधुक झाली किंवा लाल-हिरवा रंग ओळखेना, तर उद्यावर टाकू नये. अशा वेळी कोणती गोळी थांबवायची, कोणती बदलायची, हे डॉक्टर ठरवतील. ते काम चावडीवर होत नाही. आणि दारू तर पूर्ण बंद, कारण लिव्हरवर दुहेरी भार पडतो.

आता आरामाचं. पूर्वी मिरज-पाचगणीसारख्या ठिकाणी सॅनेटोरियममध्ये महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहणं हाच उपचार समजत. १९५६ साली मद्रासला एक मोठी तपासणी सुरू झाली. काही रोगी सॅनेटोरियममध्ये ठेवले, काहींना घरीच औषध दिलं. घरच्यांना खाणं कमी, आराम कमी, घर दाटीचं. तरी १९५९ साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा दोन्हीकडचा गुण जवळपास सारखाच निघाला. म्हणजे रोग हटवते ती गोळी.

यावरून कोणी म्हणेल, मग आराम कशाला? आमचं मत उलट आहे. सुरुवातीच्या दोन महिन्यांत चार प्रकारची औषधं एकत्र असतात आणि अंगात त्राण नसतं. त्या दिवसांत रात्रीची लाईट आली म्हणून त्याच माणसानं पाणी धरायला जायचं, पहाटे मोळ्या उचलायच्या, तर तो वैतागून गोळ्याच बंद करील. आराम हवा तो गोळी टिकावी म्हणून. दुपारी दोन तास पडणं म्हणजे आळस नव्हे. अंगात बळ येईल तसं काम वाढवावं.

म्हणून सुचवावंसं वाटतं, की गटातल्या शेजाऱ्यांनी अशा सभासदाची रात्रीची पाळी दोन महिने वाटून घ्यावी. घरातल्या आजारी बाईलाही हाच न्याय लावावा. चूल आणि धुणं हेही कामच आहे. भांडी वेगळी मांडू नयेत, ताटावाटीतून टीबी पसरत नाही. सुरुवातीला खोकताना तोंडावर रुमाल धरावा आणि घरात हवा खेळती ठेवावी. तोडणीला आलेल्या टोळीत कोणाच्या गोळ्या चालू असतील, तर त्याला जवळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जावं. नाव नोंदलेल्या रोग्याला दुसऱ्या गावीही औषध मिळतं आणि फुकट मिळतं. पोषणासाठी सरकार दरमहा पैसे खात्यावर देतं. २०१८ पासून ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. ते दूध-अंडी-डाळीवर खर्च व्हावेत, हंगामाच्या उधारीत वळते होऊ नयेत.

ऊस एक पाळी चुकली तरी सावरतो. या गोळीची पाळी चुकवू नका, आणि शेजाऱ्याची चुकू देऊ नका, एवढीच विनंती.