झटका मशीन आणि जिवंत तार

धान लोंबीवर आले की धानोरा तालुक्यातील शेतकऱ्याची झोप उडते. जंगलाला लागून असलेल्या बांधीत रानडुकरांचा कळप शिरला, तर हंगामाची मेहनत एका रात्रीत भुईसपाट होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमार्गे रानटी हत्तींचा कळप याच भागातून जिल्ह्यात आला आणि चिंतेत भर पडली. अशा वेळी मोटारपंपाच्या पेटीतून किंवा खांबावर आकडा टाकून घेतलेली वीज धुऱ्यावरच्या उघड्या तारेत सोडण्याचा मोह होतो. परिणाम ठाऊक आहेत. एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड परिसरात 'जय' या ख्यातनाम वाघाचा वंशज 'श्रीनिवास' अशाच तारेला बळी पडला. ही तार डुक्कर, वाघ आणि पहाटे शेताकडे निघालेला शेजारी यांत भेद करीत नाही.

दोष विजेचा नाही, जोडणीचा आहे. घरातील वीज २३० व्होल्टची व अखंड वाहणारी असते. तिचा स्पर्श होताच स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही. पेटीतील एमसीबी आपल्याला वाचवील, हा समज भ्रामक आहे. ती वायरिंगचे रक्षण करते आणि कित्येक अँपिअरवर पडते. माणसाचा जीव मात्र त्याच्या शतांशाहून कमी प्रवाहानेही जाऊ शकतो. माणसासाठी असते ते ३० मिलिअँपिअरवर तुटणारे गळतीरोधक यंत्र आणि नीट केलेले अर्थिंग. प्लगची तिसरी पिन तोडून तो दोन भोकांत बसविणारा गृहस्थ आणि धुऱ्यावर जिवंत तार ओढणारा शेतकरी एकच चूक करतात. वीज आणि शरीर यांच्यामधला पहारेकरी ते काढून टाकतात.

सौर कुंपणातील झटका मशीन हाच तो पहारेकरी. ते तारेत हजारो व्होल्टचा, परंतु क्षणाच्याही अंशापुरता झटका सोडते आणि मध्ये सुमारे सेकंदभर थांबते. त्या विरामात जनावर मागे सरते. झटका मंदावला, तर तारेला टेकलेले गवत, तडा गेलेले इन्सुलेटर, पॅनलवरील धूळ, उतरलेली बॅटरी आणि अर्थिंगच्या सळईभोवतीची कोरडी माती या क्रमाने दोष शोधावा. यंत्र बंद पडले म्हणून तार थेट घरच्या विजेला जोडणे म्हणजे कुंपणाचा सापळा करणे होय.

वीज कायदा, २००३ च्या कलम १३५ नुसार आकडा टाकल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. प्राणी मेल्यास वन्यजीव संरक्षण कायदा आणि माणूस मेल्यास सदोष मनुष्यवधाचे कलम लागू शकते. परंतु केवळ शिक्षेच्या धाकाने पीक वाचत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जनवन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदानाची तरतूद आहे. खरी कसोटी ते पेरणीआधी मिळण्याची आणि यंत्र नादुरुस्त झाल्यावर ते दुरुस्त करणारा गावातच असण्याची आहे.

याच तालुक्यातील मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून जंगल गावाने सांभाळता येते, हे देशाला दाखविले. ज्या ग्रामसभा बांबूचा हिशेब ठेवू शकतात, त्यांना कुंपणाच्या तारेचा हिशेब ठेवणे अवघड नाही. सामूहिक कुंपण, एक प्रशिक्षित तरुण आणि जिवंत तारेला गावाची बंदी, एवढे झाले तरी पीकही राखले जाईल आणि माणूसही.