गिझर घेताना आधी खिडकी पाहा

थंडी म्हणावी अशी थंडी आपल्या गोरेगावात पडते ती जेमतेम डिसेंबर-जानेवारीत. आरे कॉलनीच्या बाजूला ती जरा जास्त झोंबते, एवढेच. पण सकाळच्या शाळा, ऑफिस आणि लोकलच्या धांदलीत कढत पाणी मात्र बारा महिने हवे. युरोपात एकच बॉयलर नळाला गरम पाणी देतो आणि खोल्याही उबदार ठेवतो. आपल्याला खोल्या तापवायच्या नाहीत, त्यामुळे आपला प्रश्न सोपा: आजीच्या तांब्याच्या बंबाच्या जागी विजेचा गिझर घ्यावा की गॅसचा?

दुकानदार सांगतो, गॅसचा घ्या. नळ सोडला की पाणी गरम, शिवाय घरात पाइपचा गॅस आहेच. घरातल्या पुरुषमंडळींनाही ते चटकन पटते. पण मैत्रिणींनो, दार लावून मुलांना आंघोळ घालणाऱ्या आपण! म्हणून किंमत विचारण्याआधी बाथरूमची खिडकी पाहा.

अपुऱ्या ज्वलनाचा धडा शाळेत आपण सगळ्याच शिकलो. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते, म्हणून गळती नाकाला कळते. या विषारी वायूला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. आधी डोके जड होते, मळमळते, चक्कर येते. मग दाराची कडी काढण्याचेही त्राण राहत नाही. जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत एका शाळकरी मुलीचा बळी असाच गेला. मार्च २०२३ मध्ये घाटकोपरला एक जोडपे बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडले, तेव्हाही संशय गॅसच्या गिझरवरच गेला होता.

म्हणून गॅसचा गिझर घ्यायचाच असेल तर तो बाथरूमच्या आत नको. बाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणा. काचा लावून बंद केलेली बाल्कनी म्हणजे मोकळी हवा नव्हे, हे लक्षात असू द्या. धूर बाहेर नेणारी नळी हवीच. एक्झॉस्ट पंखा लावला की झाले, असे कोणी म्हटले तर ऐकू नका. जोडणी कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या आणि वर्षातून एकदा बर्नर साफ करून घ्या. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली की गिझर बंद!

बाहेर जागा नसेल तर विजेचाच बरा. चौघांच्या घराला १५ लिटरची टाकी सहसा पुरते. २५ अंशांचे एवढे पाणी ६० अंशांपर्यंत तापवायला साधारण ०.६ युनिट वीज लागते आणि विसण घातल्यावर त्याचे ४० अंशांचे ३५ लिटर पाणी होते. मग एकामागून एक आंघोळीला जा म्हणजे झाले. २ किलोवॅटच्या गिझरला १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग आणि एम.सी.बी. हवा. अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय इलेक्ट्रिशियनला सोडू नका. उंच इमारतीत पाण्याचा दाब जास्त असतो, तेव्हा ८ बार दाब सोसणारी टाकी मागा. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते म्हणून त्याला बूच मारू नका. वाढलेला दाब तिथूनच निघतो. सोसायटीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी येत असेल तर आत क्षार साठतात. टाकी वरचेवर साफ करून घ्या.

आणि ज्यांच्या बाथरूममध्ये गॅसचा गिझर आधीच आहे, त्यांनी तो बाहेर हलवेपर्यंत आत कोणी असताना मुळीच पेटवू नये. दार-खिडकी उघडी ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला पाठवा. खिडकीच्या पट्ट्यांना थंडीसाठी लावलेला पुठ्ठा आजच काढा. लेक आत गेली की दर दोन-तीन मिनिटांनी हाक मारा. ओ आली नाही तर वाट पाहू नका: दार उघडा, गॅस बंद करा, तिला मोकळ्या हवेत आणा आणि थेट दवाखाना गाठा.