पाचवीच्या वर्षी हात सोडू नका

मूल पहिलीत गेलं की घरातलं प्रत्येक माणूस त्याच्या पाटीवर वाकून बघतं. आजोबा पेन्सिलीला टोक काढून देतात, आई पोळ्या लाटता लाटता पाढे म्हणून घेते. दहावीला तर अख्खं घर टीव्ही बंद करून बसतं. या दोन्हींच्या मध्ये एक वर्ष असं येतं, की तेव्हा वहीत कोणी डोकावत नाही. ते पाचवीचं. ‘आता मोठा झाला, त्याचं तो करतो,’ असं आई-वडील मला कौतुकानं सांगतात. मी बरीच वर्षं पाचवीला शिकवते आहे, आणि माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे, की निदान हे एक वर्ष त्याचा हात सोडू नका.

चौथीपर्यंत धडा छोटा असतो आणि चित्र मोठं. पाचवीत हे उलटं होतं. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात बाष्पीभवन येतं, परिवलन आणि परिभ्रमण येतं, आदिमानवाची हत्यारं येतात. मराठी माध्यमात हिंदी सुरू होते. पुढच्याच वर्षी, सहावीत, या परिसर अभ्यासाची सामान्य विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र आणि भूगोल अशी वेगळी पुस्तकं होतात. ज्या मुलाला पाचवीत परिच्छेद वाचून त्यातलं म्हणणं कळत नाही, त्याला सहावीत एकदम सगळेच विषय अवघड वाटू लागतात. मग घरचे म्हणतात, याला विज्ञान जमत नाही. खरं तर त्याचं विज्ञान ठीक असतं, वाचन कच्चं असतं.

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत वर्षानुवर्षं हेच दिसतं, की देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या साधारण निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा नीट वाचता येतो. आपलं मूल कोणत्या निम्म्यात आहे, हे प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीवरून कळत नाही. ते घरी दहा मिनिटांत कळतं. परिसर अभ्यासाचं पुस्तक घ्या. अजून न शिकवलेल्या धड्याचं एक पान त्याला मोठ्यानं वाचायला सांगा. पुस्तक मिटा आणि म्हणा, ‘आता मला सांग, यात काय लिहिलंय?’ पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं आलं तर थांबा आणि पुन्हा विचारा, ‘तुझ्या शब्दांत सांग.’ अडखळलं तर रागावू नका. रोज पंधरा मिनिटं हेच करत राहा. गाईडमधली उत्तरं पाठ करून घेण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त आहे. वर्तमानपत्र चालेल, किराणा दुकानातून आलेल्या पुडीचा कागदही चालेल. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसलं तरी हे करता येतं, कारण मूल सांगतं आहे ते कळतंय की नाही, हे ऐकणाऱ्याला समजतंच.

आता गणिताबद्दल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पाचवीत मुलं जिथं अडकतात ती जागा मला पक्की ठाऊक आहे. ती म्हणजे अपूर्णांक. फळ्यावर एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश लिहून ‘मोठा कोणता?’ असं विचारलं, की दरवर्षी अर्धा वर्ग चतुर्थांशाला हात वर करतो. तीनपेक्षा चार मोठे, म्हणून. यात मुलाची चूक नाही. चार वर्षं आपण त्याला हेच शिकवलं, की मोठा आकडा तो मोठा. आता अचानक नियम फिरतो, आणि तो का फिरतो हे भाकरी मोडून कोणी दाखवत नाही. मग मूल छेद समान करण्याची रीत पाठ करतं, पेपरपुरते गुण मिळवतं आणि दशांश अपूर्णांकात पुन्हा पडतं. 4.5 आणि 4.35 यांत 4.35 मोठा सांगतं, कारण पाचपेक्षा पस्तीस मोठे. ही गाठ सुटली नाही तर पुढे शेकडेवारी, गुणोत्तर, बीजगणित सगळं त्याच गाठीवर रचलं जातं.

आणि या बाबतीत तुमच्याकडे जे आहे ते माझ्या फळ्यावर नाही. आपल्या भाषेनं अपूर्णांकांना घरातली नावं दिली आहेत: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ करून घेत. ती पद्धत गेली, पण शब्द अजून बाजारात जिवंत आहेत. माझ्या वर्गात एक मुलगा होता, वहीत अपूर्णांकाचं एकही उदाहरण सुटायचं नाही. त्याची आई आठवडी बाजारात भाजी विकायची. एकदा मी त्याला विचारलं, ‘चाळीस रुपये किलोची गवार पाऊण किलो घेतली तर किती?’ त्यानं मान वर न करताच सांगितलं, ‘तीस.’ त्याला येत होतंच. फळ्यावरचं तीन छेद चार आणि आईच्या तराजूतलं पाऊण ही एकच गोष्ट आहे, एवढंच त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून मुलाला बाजारात न्या. इलेक्ट्रॉनिक काट्यावर 0.750 दिसलं की विचारा, हे पाऊण कसं? घड्याळात पावणेपाच वाजले की विचारा, पाचाला किती कमी? सव्वाशे, पाऊणशे, अडीचशे हे शब्द त्याच्याशी बोलताना वापरा. इंग्रजी माध्यमातली पुष्कळ मुलं या शब्दांना मुकली आहेत. त्यांच्या घरी तर हे आवर्जून बोललं पाहिजे.

परीक्षेबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण अनेकांना अजून वाटतं की आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवत नाहीत. शिक्षण हक्क कायद्यात 2019 मध्ये बदल झाला, आणि महाराष्ट्रात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. पाचवीत विषयात 35 टक्के गुण लागतात. कमी पडले तर जादा शिकवणी आणि पुनर्परीक्षा आहे, आणि तिथंही जमलं नाही तर मूल पाचवीतच राहू शकतं. हे मी भीती घालायला सांगत नाही. उलट ‘नापास झालास तर बघ’ ही धमकी दहा वर्षांच्या मुलाला देऊ नका. आठवी पूर्ण होईपर्यंत कोणतीही शाळा मुलाला काढून टाकू शकत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवरही त्यात बंदी आहे. तुमच्या मुलाला मार बसत असेल तर गप्प राहू नका.

स्पर्धा परीक्षांचं वारं याच वर्षी घरात शिरतं. राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा 2016-17 पासून पाचवी-आठवीला होती. ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय 2025 मध्ये झाला आहे, तेव्हा आपल्या मुलाला काय लागू आहे ते मुख्याध्यापकांना विचारा. गावाकडच्या पालकांनी नवोदयची परीक्षा मात्र चुकवू नये. या शाळांची सुरुवात 1985-86 मध्ये झाली, आणि पहिल्या दोन शाळांपैकी एक आपल्या अमरावतीत उघडली. पाचवीतलं मूल सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा देतं. दोन तास, 80 प्रश्न, 100 गुण, आणि संधी एकदाच. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत, राहणं-जेवण मोफत आहे. मुलाची इच्छा असेल आणि वाचन पक्कं असेल तर जरूर बसवा. पण पहाटे पाचला उठवून, शाळेआधी एक क्लास आणि शाळेनंतर दुसरा, असं करू नका. अशी मुलं माझ्या वर्गात दुपारी बाकावर डोकं टेकून झोपतात, आणि मी त्यांना उठवत नाही. या वयात नऊ तास तरी झोप लागते.

ज्या गावात शाळा चौथीपर्यंतच आहे, तिथल्या पालकांशी मला वेगळं बोलायचं आहे. पाचवीला मूल दुसऱ्या गावच्या मोठ्या शाळेत जातं. एका बाईंच्या एका वर्गातून उठून ते दर तासाला नवा शिक्षक येतो अशा ठिकाणी बसतं. पहिले दोन महिने ते गप्प होतं, पोट दुखतं म्हणतं. ते खोटं नसतं. त्या दोन महिन्यांत एकदा तरी स्वतः शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना भेटा. दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं नाव जुळतं का ते आत्ताच बघून घ्या, दहावीच्या अर्जाच्या वेळी धावपळ नको. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही.

मुलीला मात्र अंतराचं कारण सांगून घरी बसवू नका. ग्रामीण भागात पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा प्रवास मोफत आहे. पास शाळेतूनच मिळतो. गाडी वेळेवर येत नसेल तर चार पालक मिळून आगारात जा. एकट्यादुकट्याचं तिथं कोणी ऐकत नाही, चौघांचं ऐकतात.

आणि आयांनो, दहा-अकराव्या वर्षी पाळी येणाऱ्या मुली आता माझ्या वर्गात दरवर्षी असतात. तिला आधी सांगून ठेवा. शाळेच्या स्वच्छतागृहात एकटीनं रक्त बघून घाबरलेली मुलगी मी सावरली आहे, आणि तिला कोणी काहीच सांगितलं नव्हतं याचं मला आजही वाईट वाटतं. दप्तरात एक पॅड आणि एक चड्डी ठेवा. मुलग्यांनाही सांगा, म्हणजे ते हसणार नाहीत. दहा वर्षं पूर्ण झाल्यावर धनुर्वात आणि घटसर्पाची टीडी लस सरकारी केंद्रात मोफत मिळते. बाळपणीच्या लशी झाल्यावर पुष्कळ घरांत ही राहून जाते. फळ्यावरचं चुकीचं उतरवून घेत असेल तर आळशी म्हणण्याआधी डोळे तपासून घ्या. भूकही वाढलेली असते. शाळेच्या पोषण आहाराचं माप पाचवीपर्यंत 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनांचं आहे, सहावीपासून ते 700 आणि 20 होतं. घरच्या ताटातही त्या मानानं डाळ, उसळ, अंडं, शेंगदाणे वाढू द्या.

बहुतेक पालक मला निकालाच्या दिवशी भेटतात. तेव्हा माझ्या हातात करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. तुम्ही दिवाळीच्या सुट्टीआधी या. येताना प्रगतिपुस्तक आणलं नाहीत तरी चालेल, पण गणिताची वही आणा, आणि मुलालाही आणा. शाळा सुटल्यावर मी अर्धा तास वर्गात असते. कामावरून यायला उशीर होणार असेल तर मुलाकडून निरोप पाठवा, मी थांबेन.