घडीचा पडदा

घडी घालता येणाऱ्या वस्तूंविषयी मराठी मध्यमवर्गीयाच्या मनात फार जुना जिव्हाळा आहे. घडीची खुर्ची, घडीची खाट, घडीची छत्री! पाहुणा उठला की वस्तू भिंतीशी टेकली पाहिजे आणि जागा मोकळी झाली पाहिजे. दोन खोल्यांत माणसांची घडी घालता येत नाही, तेव्हा सामानाची घालायची, हा आमच्या गृहशास्त्राचा पहिला धडा. आता काचेच्या पडद्याचीही घडी घालतात असे कळल्यावर आमच्या घरच्या मंडळींनी, "मग ते लॅपटॉपचे धूड कशाला हवे?" असे विचारले, यात नवल ते काय?

प्रश्न गमतीचा खरा. पण आमच्या गणगोतात तो पावणेदोन लाख रुपयांचा होऊन बसला. माझी धाकटी बहीण वसमतला दिली आहे. घरी हळदीचे पीक. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून आमचे दाजी तिच्याविषयी जरा छाती काढूनच बोलतात. भाची यंदा नांदेडला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला लागली. तिला यंत्र हवे. पुण्याच्या तिच्या काकांनी सल्ला दिला की, एक घडीचा फोन घेऊन टाका. बंद केला की फोन, उघडला की टॅब, आणि टेबलावर ठेवला की लॅपटॉप. राखून ठेवलेली हळद विकून पैसे हाती आले, तसे दाजींनी मला विचारले, "भाऊ, एकदाच काय ते घेऊन टाकू म्हणतो. तुमचे काय मत?"

मत देण्यापूर्वी वस्तू पाहावी, या विचाराने नवरात्रात ते काका आले तेव्हा मी त्यांचा फोन दोन दिवस मागून घेतला. सॅमसंगचा, २०२५ च्या जुलैत निघालेला. उघडल्यावर पडदा ८ इंचांचा, जाडी अवघी ४.२ मिलिमीटर. बाजारात आला तेव्हा आपल्याकडे त्याची किंमत १,७४,९९९ रुपयांपासून सुरू होत होती. (हा एक रुपया कमी ठेवण्याचा व्यापारी विनय मला नेहमीच मोहवतो.) हिंगोलीहून वसमतला जाताना आगगाडीत मी त्यावर सातबाराचा उतारा वाचला, वर्तमानपत्र वाचले, नकाशा पाहिला. डोळ्यांना इतका आराम वाटला की काय सांगू! साध्या फोनवर उतारा वाचायचा म्हणजे किल्लीच्या भोकातून वाडा पाहण्यासारखे. इथे अख्खा कागद एका नजरेत. हे यंत्र वाचणाऱ्याचे आहे, हे पहिल्याच दिवशी पटले.

हे काच वाकण्याचे गौडबंगालही समजून घेतले. जुन्या पडद्यांना मागून दिवा लावावा लागे, म्हणून थरावर थर येत. नव्या पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. मागचा दिवा गेला, तसा पडदा पातळ झाला. त्याखाली काचेऐवजी प्लॅस्टिकसारख्या लवचिक पदार्थाची बैठक घातली. वरची काच २०२० साली आली, ती सुमारे ३० मायक्रॉन जाडीची, म्हणजे आपल्या केसाच्या निम्म्याहूनही पातळ. एवढी पातळ काच वाकते. पण वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते, म्हणून मध्ये एक पुसटशी वळी उरते. बोट फिरवले की लागते. तिच्यावर पुन्हा एक संरक्षक पापुद्रा. २०१९ साली असा पहिला फोन परीक्षकांच्या हाती दिला, तेव्हा काहींनी तो पापुद्रा वेष्टण समजून सोलून काढला आणि पडदेच बिघडले! एप्रिलमध्ये व्हायची विक्री सप्टेंबरावर गेली.

आपल्याकडे नव्या लुगड्याची घडी एकदाच मोडतात. या यंत्राची दिवसातून शंभरदा मोडावी लागते. पहिल्या फोनच्या वेळी कंपनीने दोन लाख घड्यांचा हवाला दिला होता, म्हणजे रोजच्या शंभर धरल्या तर साडेपाच वर्षे झाली; आता पाच लाखांचा देतात. तेव्हा घडीने तो मोडेल अशी भीती मला फारशी वाटत नाही. भीती वाटते ती हळदीची.

हसू नका. फोनच्या माहितीपत्रकात आय.पी. म्हणून दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. या फोनचे आकडे ४ आणि ८. आठचा अर्थ, पाण्यात पडला तरी निभावेल. चारचा अर्थ, एक मिलिमीटरहून मोठा कण आत जाणार नाही. आता ज्यांनी फाल्गुन-चैत्रात वसमतकडे चक्कर मारली असेल त्यांना ठाऊक आहे, की शिजवून वाळवलेली हळद पॉलिशच्या ड्रममध्ये फिरू लागली म्हणजे माणसांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या होतात. त्या धुळीतला कुठला कण एक मिलिमीटरचा असतो? ती बिजागरीत शिरणार आणि काचेखाली मुक्काम करणार. २०२५ च्या ऑगस्टात गूगलने पहिला आकडा ६ असलेला, म्हणजे धूळ पूर्ण अडवणारा, घडीचा फोन जाहीर केला. थोडक्यात, ही अडचण सुटू लागली आहे. पण दाजींच्या अंगणात ती अजून सुटलेली नाही. आमच्या गल्लीतला दुरुस्तीवाला कुठल्याही फोनची काच चहा थंड व्हायच्या आत बदलून देतो. त्याला हे यंत्र दाखवले, तर त्याने ते दोन्ही हातांनी परत केले. "काका, याला मी हात लावत नाही."

बरे, धूळ गेली, दुरुस्ती झाली, किंमतही उतरली असे धरू. मग लॅपटॉप जाईल काय? येथे मी जरा हटून बसतो. मराठी टंकलेखनाच्या मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या सरकारी परीक्षा आता संगणकावर होतात. त्या वर्गात जाऊन मुलांची बोटे पाहा. नजर कागदावर आणि बोटे आपापल्या घरी. 'एफ' आणि 'जे' या कळांवर एक बारीकसा उंचवटा असतो. त्यावरून बोटांना अंधारातही आपले घर सापडते. काचेला उंचवटा कुठला? तिथे दर अक्षराला नजर खाली येते, आणि कळफलक अर्धा पडदा खाऊन बसतो तो निराळाच. आठ इंचांतले चार इंच लिहिण्यात गेले, की आपण काय लिहिले ते वाचायला पट्टी तेवढी उरते. भाचीला चार वर्षे अहवाल लिहायचे आहेत, आराखडे काढायचे आहेत. आराखड्यांचे बरेचसे प्रोग्रॅम विंडोजवर चालणारे. फोनला टेबलावर ठेवून लॅपटॉप म्हटले, तरी ते त्याचे ऐकत नाहीत. वसमतच्या मोंढ्यातला अडत्या ज्या टॅलीवर हिशेब ठेवतो, तिचीही तीच गत.

विंडोजची घडीची यंत्रे निघाली नाहीत असे नाही. लिनोव्होने २०२० साली १३.३ इंची काढले. असुसने २०२२ मध्ये १७.३ इंची आपल्याकडे आणले, किंमत ३,२९,९९० रुपये. एवढी थोरली पाटी मधोमध दुमडते, हे पाहून मन थक्क होते. पण मला त्यातली खरी मौज खोक्यात दिसली. एवढा पडदा देऊनही कंपनीने सोबत एक निराळा कळफलक दिलाच! ज्याच्या जागी पडदा यायचा, तोच मागल्या दाराने घरात आला. शिवाय, घडी ही काय नवी गोष्ट आहे? १९८२ साली ग्रिड कंपास नावाचे यंत्र निघाले, ८,१५० डॉलर्सचे. त्याचा पडदा कळफलकावर मिटत असे. लॅपटॉप जन्मापासूनच घडीचा आहे. फरक इतकाच, की त्याची बिजागरी लोखंडाची आहे आणि काच आपल्या जागी स्वस्थ असते. २०१० साली आयपॅड आला तेव्हाही लॅपटॉपच्या तेराव्याची तयारी झाली होती. पाच वर्षांनी मोठा आयपॅड आला, तो स्वतःचा कळफलक बरोबर घेऊन.

दाजींना मी सांगितले की, पोरीला साठेक हजारांचा चांगला लॅपटॉप घ्या. फोन आहे तोच राहू द्या. उरलेल्या पैशांत नांदेडच्या खोलीचे भाडे बरेच महिने निघेल. पुण्याच्या काकांना हे रुचले नाही. त्यांचे म्हणणे, तुम्ही मराठवाड्याचे लोक नव्याला भिता. ज्या जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वलहरी मोजण्याच्या प्रयोगशाळेला केंद्राने २०२३ साली २,६०० कोटी रुपये मंजूर केले, त्याला हे कोणी ऐकवावे!

मात्र टॅबविषयी मी काकांच्या बाजूचा आहे. टॅब घरोघरी घेतला जातो तो वाचायला, पाहायला, लिहायला क्वचितच. २०११ साली सरकारने गाजावाजा करून आणलेला ७ इंची 'आकाश' आठवतो? ते काम जर खिशातल्या फोनमधूनच उलगडून निघत असेल, तर दुसरी पाटी उशाशी बाळगण्याचे कारण उरत नाही. २०२४ मध्ये ह्युवेईने तीन घड्यांचा, १०.२ इंचांचा फोन काढला, २०२५ च्या डिसेंबरात सॅमसंगने १० इंचांचा. ही मापे सरळसरळ टॅबचीच आहेत. फिरतीवरचे वकील, डॉक्टर, आणि चष्म्याचा नंबर दरसाल वाढणारे माझ्यासारखे वाचक यांना तो फार सोयीचा. किंमत चाळिशीच्या घरात आली, तर आमच्याकडचा टॅब मी भाचरांना देऊन टाकीन.

तोवर वाचकांपैकी कोणी या दिवाळीला घेणारच असेल, तर त्याने दुकानात दोन गोष्टी कराव्यात. धुळीचा आकडा विचारावा. आणि काउंटरवर उभे राहून, बाहेरचा कळफलक न घेता, मराठीत एक पानभर पत्र त्या काचेवर लिहून पाहावे. दुकानदार कंटाळेल, पण पावणेदोन लाखांत तेवढा त्याचा कंटाळा धरलेला असतो.